तांबोळी सरांचं मिनिट

तांबोळी सर कुणाला नमस्कार करत नाहीत. समोर आले की मिनिटभर तुमच्या खांद्याकडे बघत उभे राहतात आणि मग म्हणतात, "अठरा. छान."

नवीन माणूस गोंधळतो. सर आपले श्वास मोजत होते, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं. आमच्या डायरेक्टरांना त्यांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, "सर, सव्वीस. आधी बसून घ्या." लिफ्ट बंद होती आणि डायरेक्टर तीन मजले चढून आले होते. ते मुकाट्याने बसले. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तांबोळी सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सिस्टर, मुलगी सोळा, नवरदेव तीस. त्याच्याकडे पंखा फिरवा."

मी पिरंगुटच्या पुढे पौड रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाची इनचार्ज सिस्टर आहे. तांबोळी सर तिथे संशोधनाचं काम बघतात. ते डॉक्टर नाहीत. पेशंटच्या नातेवाइकांची परवानगी घ्यायची, नोंदी गोळा करायच्या आणि नियम पाळले जातात की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. गडी साठीला टेकलेला, कासार आंबोलीत एकटा राहतो, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर काकणाएवढं मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ.

आमच्याकडे चालू असलेला अभ्यास तसा साधा होता. पेशंटची व्हेंटिलेटरची नळी काढली की पुढचे दोन दिवस नाजूक असतात. काहींची दमछाक होते आणि नळी परत घालावी लागते. अशा पेशंटची छाती दर तासाला डोळ्यांनी बघून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, तर धोका आधी कळतो का, एवढंच बघायचं होतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, श्वास तर सगळीकडेच मोजत असतील. तर नाही. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन मशीन नीट दाखवतं. श्वासाचा आकडाही दाखवतं, पण पेशंट घामेजला, हलला की ते काहीही दाखवतं. म्हणून श्वास हाताने मोजायचे असतात. आणि दहा पेशंट, चार सिस्टर, कुणाचं सलाईन संपलंय, कुणाला कुशीवर वळवायचंय, अशात एका माणसाच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहायला कुणाला फुरसत असते? आम्ही लिहितो वीस. सगळे लिहितात वीस. मध्येच एखादा अठरा घालायचा, म्हणजे मोजल्यासारखं वाटतं.

सरांनी आल्या आल्या हे पकडलं. चार्ट हातात धरून म्हणाले, "दहाच्या दहा पेशंट वीस? सिस्टर, ही काय शाळेची कवायत आहे?"

"मग तुम्हीच मोजा," मी म्हटलं.

"मोजणारच. पण तुम्हीही मोजायचं. अंदाज नको, मिनिट द्या."

'अंदाज नको, मिनिट द्या' हे त्यांचं पालुपद. वॉर्डातल्या सिस्टर मुली त्यांना मागून मिनिटमास्तर म्हणायच्या. मीही म्हणायचे.

परवानगी घेण्याची त्यांची तऱ्हा आणखी निराळी. नातेवाईक घाबरलेले असतात, कुठेही सही करतात. सरांना ती सही चालायची नाही. आधी समजावून सांगायचे, मग तोंडी परीक्षा घ्यायचे. "आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं?" एका गिरणीवाल्याला त्यांनी तीनदा नापास केलं. तो बिचारा माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, भाऊ बरा व्हईल, पन मी काय ह्यांच्या परीक्षेत पास व्हत न्हाई."

सात नंबरच्या बेडवर भिवा कोकरे आले ते याच काळात. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला मेंढ्या-शेळ्या राखणारा म्हातारा. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, नऊ दिवस व्हेंटिलेटरवर. सोबत बायको, राणूबाई. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि कुणालाही न घाबरणारी नजर. नळी काढायच्या आदल्या दिवशी सर कागद घेऊन तिच्यासमोर बसले आणि सगळं समजावलं.

"मंजी तुमी ह्यांचा श्वास मोजनार?"

"हो मावशी. नुसता मोजणार. सुई नाही, औषध नाही."

"न्हाई."

"का बरं?"

"आमी मेंढरं मोजतो, बाबा. एखादं गेलं का, ते बघाया मोजतो. जित्या मानसाचा श्वास मोजू न्हाई. मोजलं की सरतंय."

मला वाटलं, आता सर व्याख्यान देणार. त्यांनी कागदाची घडी घातली. "बरोबर आहे. नाही म्हणजे नाही. तुमच्या माणसाच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही." आणि स्वतःच्या हाताने सात नंबरच्या फाइलवर लाल पट्टी चिकटवली. लाल पट्टी म्हणजे हा पेशंट अभ्यासात नाही. संशोधनाच्या माणसाने त्याची फाइल उघडायची नाही, कसलीही नोंद घ्यायची नाही. या नियमासाठी सरांनी एकदा एका मोठ्या डॉक्टरांशी भांडण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाबाबांची नळी काढली. दुपारी राणूबाई शेळ्यांची सोय लावायला गावी गेली, संध्याकाळच्या गाडीने येते म्हणाली. सात नंबर त्या दिवशी माझ्याकडे होता. बाराला मी लिहिलं वीस, एकला वीस, दोनला अठरा, तीनला वीस. मॉनिटर एकोणीस दाखवत होता, ऑक्सिजन ठीक होता. म्हातारा डोळे मिटून पडला होता. गुणी पेशंट, म्हटलं मनात.

सव्वातीनला सर माझ्या टेबलाशी आले. चेहरा पडलेला.

"सिस्टर, मी तुम्हाला काहीही सांगत नाहीये."

"बरं. मग जा, मला काम आहे."

"मला सांगायचा अधिकारच नाही. पण तुम्ही सात नंबरला एक मिनिट द्या."

"तीनला बघितलंय मी त्यांना."

"बघितलंत. मोजलंत का?"

मी चिडूनच उठले. घड्याळ धरलं, म्हाताऱ्याच्या छातीकडे बघत उभी राहिले. पहिल्या पंधरा सेकंदांतच नऊ झाले. मिनिट संपलं तेव्हा आकडा छत्तीस होता. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. म्हातारा शांत नव्हता, थकला होता. मी लिहिलेला वीस तिथेच चार्टवर होता, माझ्या सहीसकट.

पुढचं झपाझप झालं. ड्युटीवरची डॉक्टर आली, रक्त तपासलं, छातीतला कफ ओढून काढला, तोंडाला घट्ट मास्क लावून मशीनने हवा द्यायला सुरुवात केली. तासाभराने डॉक्टर म्हणाली, "आणखी उशीर झाला असता तर नळी परत घालावी लागली असती." त्या वयात दुसऱ्यांदा घातलेली नळी सहजी निघत नाही, हे तिने मला सांगायची गरज नव्हती. चार्टवर मी तीनचा आकडा खोडला, बाजूला 'न मोजता लिहिला' असं लिहिलं आणि सही केली. बारा, एक आणि दोनच्या आकड्यांचंही तेच केलं.

राणूबाई सहाला आली. नवऱ्याच्या तोंडावर मास्क बघून दारातच थबकली. मी काही बोलायच्या आत सर पुढे झाले.

"मावशी, मी मोजलं. तुम्ही नाही म्हणाला होतात, तरी मोजलं. चूक माझी आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "किती भरलं?"

"छत्तीस."

"लई हाय का?"

"लई हाय. पण वेळेवर कळलं. डॉक्टरांनी उपाय केलाय."

"आन् आता किती हाय?"

"आता सिस्टर मोजतात. मी नाही मोजलं."

"मग मोजा की तुमी बी! आता घ्या माजा अंगठा."

"आता नाही घेता येत. आता तुम्ही घाबरून देताय."

राणूबाई माझ्याकडे वळली. "ह्यो बाबा येडा हाय का वो?"

"थोडा," मी म्हटलं.

तीन दिवसांत भिवाबाबा मास्कशिवाय राहू लागले आणि पेज मागू लागले. चौथ्या दिवशी सर एक फॉर्म घेऊन आले. नियमभंगाचा अहवाल, स्वतःविरुद्ध, संशोधनाच्या समितीला पाठवायचा. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. 'काय घडले' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : परवानगी नसलेल्या रुग्णाचे श्वास मोजले. खाली 'कारण' असा रकाना होता. त्यात एकच ओळ : रुग्णाजवळ कोणी नव्हते.

"हे काय कारण झालं?" मी विचारलं. "समिती विचारेल, लाल पट्टी असताना तुम्ही तिथे गेलातच कशाला?"

"मोजायला नव्हतो गेलो. बसायला गेलो होतो. बसलं की मोजलं जातं माझ्याकडून."

"आणि बसायला कशाला?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "आमच्या हिला ठेवलं होतं ना आयसीयूत, शहरात. अकरा दिवस. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. बाहेर लोखंडी बाकडं होतं. आत तिच्याजवळ कोण बसतंय, मी रोज विचारायचो. मॉनिटर आहे ना, म्हणायचे."

मी सही केली. माझ्या चार आकड्यांचं काय, असंही विचारलं. ते म्हणाले, तो माझा विषय नाही, तुमचा आहे. ते खरंच होतं.

समितीचं पत्र आलं : समज देण्यात येत आहे, पुन्हा असे घडू नये. सरांनी ते फाइलला लावलं. त्या दुपारी सहज बघितलं, तर सात नंबरच्या पडद्याआड ते स्टुलावर बसले होते. घड्याळ काढून खिशात ठेवलेलं, मान मुद्दाम खिडकीकडे वळवलेली. भिवाबाबांनी त्यांचा हात धरला होता आणि शेळीच्या खुरांना काय लावावं ते खोल गेलेल्या आवाजात सांगत होते.

माझी चाहूल लागली तसे सर दचकले. "मी मोजत नाहीये हं, सिस्टर."

"मग काय करताय?"

"बसलोय."

मी पडदा ओढून घेतला आणि आठ नंबरकडे वळले.