मदतीसाठी संपर्क: गुणाबाई

“आपल्या कंपनीत विकत आणलेली वस्तू एकच, पंखा! बाकी सगळं ओपन सोर्स!”

वळ गावच्या टपरीवर भावेश हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकवी, आणि दर वेळी त्याची छाती इंचभर फुगे. जगभरच्या लोकांनी मोकळ्या हाताने वाटलेले प्रोग्रॅम जोडून त्याने आणि शेजारच्या शेलार गावच्या सोनलने गोदामातला माल सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. ऑफिस होतं कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर. खाली शिफ्ट सुरू झाली की वर चहाचे कप टेबलावरून चालू लागत!

भावेशची आई गुणाबाई शेजारणीचा डबा कधी रिकामा परत पाठवत नसे. भावेशनेही तेच केलं. लोकांचं घेतलंय तर आपलंही द्यायचं, म्हणून त्याने आपलं सॉफ्टवेअर इंटरनेटवर सगळ्यांना खुलं करून टाकलं. त्यात ‘मदतीसाठी संपर्क’ असा एक रकाना होता. आता यांच्या घरात नवी ऑफर आली की जो तो सिम बदलणार. टिकून होता तो फक्त आईचा नंबर. त्यामुळे रेशन असो, गॅस असो, प्रत्येक फॉर्मवर गुणाबाईच! त्याच सवयीने भावेशने इथेही तिचाच नंबर ठोकला आणि साफ विसरून गेला.

तीन महिन्यांत दोनशे गोदामांनी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. भावेशचे पाय जमिनीवर ठरेनात! पैसे देणारं गिऱ्हाईक मात्र औषधालाही नाही.

“एक तारखेपर्यंत एक तरी करार आण,” सोनलने बजावलं, “नाहीतर मी पुण्याची नोकरी धरते.”

सोनल गेली तर कंपनीत उरणार कोण? भावेश आणि पंखा!

घरी वेगळाच ताप. आईचा फोन सारखा खणखणायचा. भाकरी थापता थापता ती ओरडायची, “समदं बाहेर काढ नि परत मोज!” मध्येच हिंदी, “भैया, पहिले गिनो, बाद में लिखो!”

“कोण गं?”

“तुजंच मैतर! मेल्यांना धड मोजता येत न्हाय!”

गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या खुर्च्या मोजत असतील पोरं, असं भावेशला वाटलं. त्याच्या डोक्यात फक्त करार होता.

शेवटी तीस तारखेला पूर्णा गावच्या एका मोठ्या गोदामाचे मॅनेजर दिनेश भोईर माळ्यावर आले. भावेशने लग्नाबिग्नात घालायचा कोट चढवला होता. गुणाबाई डबा घेऊन आली होती, ती कोपऱ्यात बसली. भावेशने दम लागेपर्यंत सगळं दाखवलं.

“हे आमच्याकडे दोन महिने चालू आहे,” दिनेश म्हणाले. “फुकट उतरवलं की!”

सोनलने भावेशकडे असं पाहिलं, की त्याला कोटात घाम फुटला. “मग साहेब... आलात कशाला?”

“तुमच्या मदतवाल्या मॅडमना भेटायला! काय बाई आहे हो! आमचे चाळीस खोके हरवले होते. मॅडम म्हणाल्या, पडद्याकडं बघू नको, जिन्याखाली बघ. तिथंच होते!” आणि त्यांनी नंबर फिरवला.

कोपऱ्यात फोन वाजला. गुणाबाईने उचलला. “बोल रं! आता काय हरवलास?”

भावेशला तो मदतीचा रकाना आठवला! आणि हेही आठवलं, की आईने वळच्या गोदामात अठरा वर्षं खोके मोजले होते, आणि एकाही दिवशी तिची मोजणी चुकली नव्हती.

दिनेश उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “सॉफ्टवेअर फुकट आहे, ते राहू दे फुकट. आम्हाला वर्षाचा करार हवा तो मॅडमच्या मदतीचा!”

“दुपारी दोन ते तीन मी निजतंय,” गुणाबाई म्हणाली. “ते पयलं लिवा.”

ते करारात पहिलं कलम झालं. सोनल राहिली. पुढे आणखी सात गोदामं आली. भावेश अजूनही टपरीवर छाती फुगवतो, फक्त वाक्य बदललंय, “आमची सपोर्ट हेड माझी आई आहे, काय समजलात!”

परवा त्याचंच घोडं कुठेतरी अडलं. त्याने आईला फोन लावला.

“थांब,” गुणाबाई म्हणाली, “तुज्याआधी तिघं हायेत.”