मानियसचं भाषण आणि थांबलेला सूर्य

मानियसचं भाषण ऐकायला रोमचा सूर्य पश्चिमेच्या टेकडीवर थांबला, तो थांबलाच.

मानियसला शहरातून हाकलायचा ठराव त्या दिवशी राजसभेपुढे होता. तिथली रीत अशी, की बोलायला उभ्या राहिलेल्याला कुणी खाली बसवायचं नाही. आणि सूर्य बुडाला की सभा उठायची, मग ठराव होत नाही. म्हणून मानियस दुपारीच उभा राहिला. अंधार पडेपर्यंत बोलायचं आणि घरी जेवायला जायचं, एवढाच त्याचा बेत. पण बोलणं फार गोड. सूर्याचा पाय निघेना.

किती काळ गेला म्हणाल, तर ते सांगता यायचं नाही. दिवसच बदलला नाही. लोक डोळ्यांवर फडकं बांधून झोपायला शिकले. कोंबड्यांनी आरवणं सोडलं.

मानियसची बायको अनिया भाकरी भाजली की घेऊन यायची आणि सभेच्या उघड्या दारात उभी राहायची. बायकांना आत मज्जाव. भाषण तुटलं तर पाळी गेली, म्हणून मानियस घरचं विचारायचं तेही भाषणातच घालायचा.

"सभासदहो, राज्य धोक्यात आहे! आणि सभासदहो, आपली शेळी व्याली का?"

"व्याली. दोन करडं," अनिया उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "अहो, जरा रटाळ बोला की. घरी बोलता तसं. म्हणजे तरी तो जाईल."

दारावरचा शिपाई रुफुस हसला. "बाईसाहेब, मघाशी ते गटारांच्या दुरुस्तीवर बोलले. त्याला तेही आवडलं."

अनियानं नवऱ्याकडे पाहिलं. गाल पार बसले होते. माणूस शहरातच होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि त्याच्या बाजूचं अंथरूण कधीचं गार पडलं होतं.

"बस करा आता," ती म्हणाली. "घालवतात तर घालवू देत. मी येते बरोबर."

मानियस वाक्याच्या मध्येच थांबला.

सभापतीनं लगेच मतं मागितली. तिथं मत चालत जाऊन द्यायचं असतं. विरोधक खुशीत उठले, पलीकडच्या बाजूला निघाले. ते मधोमध पोचतात न पोचतात तोच, आता ऐकण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून सूर्य बुडाला.

"सभा उठली," सभापती अंधारात म्हणाला. "ठराव उद्या."

घरी अनियानं चाचपडतच पान वाढलं. "बोलू नका हं," ती कुजबुजली. "तो ऐकेल."

मानियस मुकाट जेवू लागला. ती समोर बसून राहिली. एवढं जगाला ऐकवलं. एखादा साधा शब्द आपल्यासाठी, असं तिला फार वाटत होतं.

"मसुरीची आमटी छान झालीय," तो अगदी हळू म्हणाला.

"आणखी वाढू का?" अनियानं विचारलं. आत्ता कुठे रात्र पडली होती, तरी पूर्वेकडे उजाडू लागलं होतं.