मंगळवारी चहाला येणारी माणसं

आमच्या गावात रविवारी दाखवलेल्या सिनेमातलं एखादं पात्र मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, ज्याचं मत त्याला पटलं असेल त्याच्या घरी चहाला येतं. इतर गावांत असं होत नाही म्हणतात. तिथले लोक मग सिनेमा पाहून करतात तरी काय, कोण जाणे.

पद्धत साधी आहे. रविवारी सकाळी प्रभा टॉकीजला चित्ररसिक मंडळाचा खेळ असतो. दुपारी चारला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चर्चा. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. प्रत्येकाला तीन मिनिटं; ती संपली की चिटणीस रोहिणीताई मुजुमदार घंटी वाजवतात. त्याच सगळ्यांची मतं वहीत उतरवून घेतात आणि जाताजाता ती वही टॉकीजच्या पडद्याखाली ठेवून येतात. मंगळवारी पडद्याच्या डाव्या अंगाचं लहान दार उघडतं, पाहुणा बाहेर येतो, डोअरकीपर त्याला पत्ता समजावून सांगतो. पाहुण्याने साडेसातच्या आत परत जायचं असतं, कारण बुधवारी पहाटे सिनेमाच्या रिळांची पेटी पुढच्या गावाला जाते.

मी या मंडळाचा एकोणीस वर्षांचा सभासद. त्या एकोणीस वर्षांत माझ्याकडे कुणीही आलं नव्हतं. आमच्या समोरच राहणाऱ्या यशवंत भोगल्यांकडे सदतीस जण आले होते.

भोगले पोस्टातून निवृत्त झालेले. सिनेमातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. पूर्वार्धात ते डुलक्या घेतात. दिग्दर्शकाचं नाव त्यांनी कधी वाचलेलं नाही. मी तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवायचो, त्यामुळे चौकट, रेषा, उजेड कुठून पडतो, या गोष्टी मला दिसतात आणि मी त्या हॉलमध्ये नीट मांडतो. दीपगृहावर राहणाऱ्या विधवेच्या सिनेमावर मी जिन्याच्या वळणाबद्दल बोललो. फळ्यावर आकृतीही काढली. भोगले उठून एवढंच म्हणाले, "त्या बाईने दोन वेळा पान वाढलं हो. एक तसंच झाकून ठेवलं." आणि बसले. मंगळवारी ती बाई त्यांच्याकडे आली. चहा झाल्यावर तिने त्यांच्या ओट्यावर बसून गवार मोडली. मी ते आमच्या गॅलरीतून पाहिलं आणि माझ्या पोटात दुखलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

माझ्या पत्नीने, हेमलताने, मी सभासद झालो त्या वर्षी सहा कपबशा आणल्या होत्या, निळ्या काठाच्या. दर मंगळवारी ती सव्वापाचला आधण ठेवायची. सहा वाजले की त्यातले दोन कप भरून आम्ही दोघंच चहा घ्यायचो आणि ती कप धुऊन पुन्हा कपाटात ठेवायची. याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एकदा मी चोरी केली, तेही सांगून टाकतो. एका विसरभोळ्या न्यायाधीशाचा सिनेमा होता. मध्यंतरात भोगले मला म्हणाले, "या माणसाला घरात कुणी नावाने हाकच मारत नाही, परचुरे." दुपारी माझी चिठ्ठी दुसरी निघाली आणि त्यांची नववी. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकलं. भोगल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या पाळीला "परचुऱ्यांनी सांगितलंच आहे" असं म्हणून ते खाली बसले.

मंगळवारी न्यायाधीश आमच्या फाटकाशी आला. हेमलताने पदर सारखा केला. त्याने आमची पाटी वाचली, खिशातला कागद वाचला, पुन्हा पाटी वाचली.

"भोगले कुठे राहतात?" त्याने विचारलं.

"समोर. पण ते मत मी मांडलं होतं."

"मांडलंत तुम्ही," तो म्हणाला. "वाटलं त्यांना." आणि रस्ता ओलांडून गेला.

त्यानंतर मी मंडळाकडे रीतसर अर्ज केला. रोहिणीताईंनी तो कार्यकारिणीत वाचून दाखवला.

"अर्जदार एकोणीस वर्षं नियमित सभासद असून त्यांचेकडे एकही पाहुणा आलेला नाही. एकाच सभासदाकडे सदतीस पाहुणे जाणे ही बाब चिंतेची असून तिची चौकशी व्हावी." त्यांनी चष्मा काढला. "परचुरे, चौकशी कुणाची करायची? भोगल्यांची की पाहुण्यांची?"

"ते मंडळाने ठरवावं."

"पाहुणे मंडळाचे सभासद नाहीत. त्यांना नोटीस काढता येत नाही."

"मग जबाब घ्या."

जबाब घेण्याचं ठरलं. न्यायाधीशाची पेटी अजून गावातच होती, कारण त्या आठवड्यात ती न्यायची गाडी बंद पडली होती. रोहिणीताई आणि दोन सभासद टॉकीजवर गेले, लहान दारावर टकटक केली आणि दारातच जबाब लिहून घेतला. त्याची नक्कल मला पोस्टाने मिळाली. प्रश्न : अर्जदार परचुरे यांच्या मतांबद्दल आपल्या लोकांत काय बोललं जातं? उत्तर : ते कॅमेरा कॅमेरा म्हणतात. ती काय वस्तू आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. आम्ही ती कधी पाहिलेली नाही. प्रश्न : आणखी काही? उत्तर : ते आमच्याकडे बघत नाहीत, आमच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघतात.

मी तो कागद चार वेळा वाचला. पुढच्या रविवारपासून मी माणसांबद्दल बोलू लागलो. आवाजात कळवळा आणला. एकदा तर रुमालही काढला. सात रविवार असे गेले. त्या सात मंगळवारी कुणाकडेच कुणी आलं नाही, भोगल्यांकडेसुद्धा नाही, आणि मला त्याचं केवढं समाधान वाटलं हे मी हेमलतालाही सांगितलं नाही.

मग दोन सनईवाल्यांचा सिनेमा आला. रावजीबुवा आणि येसबा. रावजीबुवा सनई वाजवतात आणि येसबा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरतो. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाल फुगवून. तीस वर्षं लोक रावजीबुवांना वाहवा म्हणतात, शाली घालतात. येसबाचं नाव कुणी विचारत नाही. मग सरदारांच्या घरच्या लग्नात, ऐन रंग भरलेला असताना, येसबा सनई तोंडापासून काढून मांडीवर ठेवतो. बुवा अडखळतात, मांडव हसतो. शेवटी येसबा बुवांचे पाय धरतो आणि बुवा त्याला उठवून छातीशी घेतात. टॉकीजमध्ये सगळे रडले. मी रडलो नाही.

दुपारी हॉल गच्च भरला होता. जो तो उठून क्षमेची थोरवी सांगत होता. भोगल्यांची चिठ्ठी दहावी होती.

"त्याला उठवताना बुवांचे गुडघे दुखत होते हो," भोगले म्हणाले. "तरी ते वाकले."

हॉलमधून हुंकार उमटला. माझा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. अकरावी चिठ्ठी माझी. मांडवातल्या उजेडावर मी टिपण केलं होतं. ते खिशातच राहिलं.

"त्याने पाय धरायला नको होते," मी म्हणालो. "तीस वर्षं एकाच्या शेजारी बसायचं, दम लागेस्तोवर फुंकायचं आणि वाहवा त्याची ऐकायची. त्याने सनई खाली ठेवली तेव्हा त्याला आनंद झाला होता. मी पाहिलाय तो आनंद. ओठाचा कोपरा हलला होता त्याचा. पश्चात्ताप वगैरे काही नाही. मला माहीत आहे, कारण मी तसाच आहे. भोगले, सदतीस माणसं आली तुमच्याकडे. एकूण एक मी मोजली आहेत. तुम्ही वाईट माणूस नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो. गेले सात मंगळवार कुणी आलं नाही तेव्हा मला सुखाची झोप लागली."

घंटी मध्येच कधीतरी वाजून गेली होती. भोगले आपल्या चपलांकडे बघत होते.

"परचुरे," रोहिणीताई हळू आवाजात म्हणाल्या, "हे वहीत घेऊ?"

"घ्या."

घरी येऊन मी हेमलताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता भोगलेवहिनींना मी तोंड कसं दाखवू?" मंगळवारी मात्र तिने सव्वापाचला आधण ठेवलं.

साडेपाचला टॉकीजच्या बाजूने दोन माणसं येताना दिसली. रस्त्याच्या एका कडेने फेटा बांधलेले रावजीबुवा, दुसऱ्या कडेने काखेत सनई मारलेला येसबा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बुवा भोगल्यांच्या फाटकात वळले. येसबांनी आमची पाटी वाचली आणि कडी काढली.

"या," मी म्हणालो. हेमलताने तिसरा कप काढला. तो एकोणीस वर्षांत वापरलेला नव्हता, म्हणून तिने आधी विसळून घेतला.

येसबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले, बशीत चहा ओतला आणि समोर बघत राहिले.

"बुवा तिथं गेला व्हय?"

"हो. भोगल्यांकडे."

"तुमच्याकडं किती आले आजवर?"

"तुम्हीच पहिले."

"आन त्यांच्याकडं?"

"बुवा धरून अडतीस."

त्यांनी बशी खाली ठेवली. "लई झाले," ते म्हणाले.

"लई झाले," मीही म्हणालो. एकोणीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

"ते ओठाचं कुनाला दिसलं न्हवतं," येसबा म्हणाले. "गावोगाव दाखवत्यात आमाला. सगळी रडत्यात आन घरी जात्यात. तुमी बघितलं."

"मग पाय का धरता?"

"शेवट तसाच हाय न्हवं. रोज धरतो. मनात रोज नसतंय."

हेमलताने त्यांना चिवडा दिला. त्यांनी विचारलं, भोगल्यांकडे खायला काय केलं असेल. ती म्हणाली, बहुतेक साटोऱ्या. त्यांनी चिवड्याकडे पाहिलं आणि तो खाल्ला. मला हा माणूस फार म्हणजे फार आवडला.

तेवढ्यात समोरून सनई सुरू झाली. रावजीबुवा भोगल्यांच्या ओट्यावर बसून वाजवत होते. गल्लीतली दारं उघडली, माणसं बाहेर आली. येसबांनी मान तिरकी करून ऐकलं.

"सुराबिगर वाजवतोय," ते म्हणाले. "बघा, कसं उघडं पडतंय."

मला त्यातलं कळत नाही. तरीही, ते म्हणाले म्हणून, मला ते उघडं पडलेलं ऐकू आलं. मी आनंदाने मांडीवर थाप मारली.

मग सनई थांबली आणि भोगले रस्त्यापर्यंत आले. त्यांनी मान वर करून हाक मारली. "परचुरे! बुवा म्हणतायत, सूर नाही तर मजा येत नाही. येसबा इकडे येतील का जरा? नाहीतर तिथूनच दिला तरी चालेल."

माझ्या अंगाचा भडका उडाला. अडतीस होते त्यांच्याकडे. माझा एकुलता एकही त्यांना हवा होता.

"चहा चाललाय अजून," मी वरून सांगितलं.

"हो, हो. सावकाश होऊ द्या," भोगले म्हणाले आणि खरंच रस्त्यात उभे राहून वाट बघू लागले.

"असं काय करता?" हेमलता कुजबुजली. "किती साधेपणाने विचारतायत ते. जाऊ द्या ना त्यांना."

येसबा उठले. त्यांनी सनई हातात घेतली आणि मला वाटलं, संपलं. आता हे जिना उतरणार, रस्ता ओलांडणार, आणि भोगल्यांच्या नावापुढे एकोणचाळीस लागणार. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, पण कोणत्या हक्काने थांबवायचं ते आठवेना.

ते जिन्याकडे गेले नाहीत. कठड्याशी उभे राहिले, जिभेने सनईची पत्ती ओली केली, गाल फुगवले आणि सूर धरला.

बुवांनी डोळे मिटून मान डोलावली आणि त्या सुरावर आपली सनई सुरू केली. भोगल्यांचा चेहरा उजळला. पहिली दोन आवर्तनं छान गेली असावीत, कारण सगळे डोलत होते. मग बुवांची बोटं एका जागी अडली. त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. गल्लीतली एक बाई चेहरा वेडावाकडा करून आत निघून गेली. बुवांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी फेटा मागे सरकवला, पत्ती काढून पाहिली, पुन्हा बसवली. भोगले एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आमच्या गॅलरीकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच काय बिनसलंय हे त्यांना कळत नव्हतं.

येसबा डोळेसुद्धा न हलवता उभे होते. ओठाचा कोपरा तेवढा हलला आणि मला कळलं, त्यांनी सूर केसभर खाली धरला होता. आयुष्यभर एकच सूर धरलेल्या माणसाला तो नेमका किती खाली धरायचा हे कुणी शिकवावं लागत नाही.

"बुवांचंच काही चुकतंय का हो आज?" हेमलताने विचारलं.

"त्यांचंच चुकतंय," मी म्हणालो आणि येसबांचा दम टिकावा म्हणून मागून त्यांच्या पाठीला हाताचा आधार देऊन उभा राहिलो.