दोन पंखांच्या माशीपायीं तख्त गेल्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. सोंडेच्या देवास दंडवत. या हकीकतींत दुसरी एक सोंड आहे, तीसही दंडवत. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, चैत्र शुद्ध पंचमीस वर्तमान जाहलें तें ऐसें. राज्याचे धनी विश्वंभरराव सरकार यांस फोटो काढण्याचें भारी वेड, आणि बागेंत नजरेस पडली एक केसाळ माशी. सोंग मधमाशीचें, परंतु पंख दोनच, डंख नाहीं, आणि लांब सोंड पुढें धरून हवेंत जागच्या जागीं उभी. सरकार वदले, "हिची छबी घेतल्याविना महालांत पाऊल ठेवणार नाहीं." मग स्वारी माळावर निघाली, आणि मागें खंडोजी अबदागिरे छत्र धरून, कारण जित्या धन्याचें मस्तक उघडें पडों नये हा तेथील कायदा. माशीस तों ऊन प्रिय. सरकार कॅमेरा घेऊन वांकले, छत्राची सावली पडली, माशी गेली; पुन्हा वांकले, पुन्हा गेली. सरकार कडाडले, "खंडोजी, मीट तें छत्र!" खंडोजी रडवेला होऊन म्हणाला, "सरकार, छत्र मिटतें तें धनी गेल्यावरच." "मीट म्हणतों ना!" मग छत्र मिटलें, आणि सरकार अंगरख्यासकट मातींत पालथे पडले, श्वास रोखला, हूं नाहीं कीं चूं नाहीं.

टेकडीवरून चोपदारानें पाहिलें: छत्र मिटलेलें, धनी पालथा. त्यानें टाहो फोडला आणि घोडा राजधानीस पिटाळला. मग नगारा बंद जाहला, आणि काकासाहेब, जे वर्षानुवर्षें पुतण्याच्या तब्येतीची फार आस्थेनें चौकशी करीत, ते डोळे पुसत पुसतच तख्तावर बसले. इकडे माशी फुलापुढें येऊन उभी राहिली, आणि छबी उत्तम साधली.

सरकार नाचत महालीं आले, तों काकासाहेबांची द्वाही फिरलेली. राणीसाहेब रडून लाल डोळ्यांनीं धावल्या, "अगबाई, जिवंत आहांत!" "तें मागाहून. आधीं ही सोंड पाहा."

मग छबी तख्तापुढें गेली. काकासाहेबांनीं तख्ताचे हात घट्ट धरले, आतां पुतण्या तख्त मागणार. परंतु छबी पाहिली आणि भान हरपलें. "पंख दोनच?" "दोनच." "आणि हवेंत उभी राहते?" "जागच्या जागीं." काकासाहेब पुढें झुकले, "विश्वंभरा, तख्त घे परत. तो कॅमेरा मला दे."

सरकारांनीं तख्त पाहिलें, वरचें छत्र पाहिलें, आणि खिडकींतून उरलेलें ऊन पाहिलें. मग म्हणाले, "काका, तख्त आपणांस लखलाभ," आणि उघड्या डोईनें निघून गेले.

सारांश, राज्य काकासाहेबांकडे, माशी सरकारांकडे. काकासाहेब हल्लीं दर दुपारीं छत्राखालून खंडोजीस पुसतात, "काय रे, बाहेर ऊन आहे का?"