बोल्टाला हात लावायचा मान

दादाभाऊच्या गाडीचा बेल्ट आळेफाट्याला येऊन तुटला, ही घटना तशी किरकोळ. फाट्यावर रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी तुटतंच. पण गाडी घेऊन दादाभाऊला नुकताच महिना झाला होता. गाडी जुनीच, फक्त दादाभाऊला नवी. आणि त्या दिवशी तिच्यात त्याची थोरली पोरगी समृद्धी बसली होती. समृद्धी कबड्डीत चढाईला निघाली की समोरच्या पोरी आधी चपला कुठं काढल्यात ते बघून ठेवायच्या. मंचरला दुपारी दोन वाजता जिल्ह्याच्या संघाची निवड होती. दोनला जी मैदानावर नाही, तिचं नाव कटलं. पुढच्या साली बघू म्हणावं, तर पुढच्या साली समृद्धीचं वय बसत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, फाट्यावर यष्ट्यांना काय तोटा? तोटा नाही, पण दादाभाऊचा बाप जन्मभर मेंढरामागं पायी कोकणात उतरला आणि दादाभाऊनं निम्मं आयुष्य यष्टीच्या दांड्याला लोंबकळून काढलं. दारात गाडी असताना पोरगी यष्टीतनं उतरली तर बाकीचे पालक काय म्हणतील? मैदानाच्या कडेला गाडी लावायची, आपण उतरून दार उघडायचं, मग पोरगी उतरणार, असं त्यानं आठवडाभर आधी ठरवलेलं. पोरगी खेळणार कशी, हा पुढचा विषय.

गाडी ढकलत पप्पूच्या गॅरेजात नेली. पप्पूनं बॉनेट उचललं, आत बघितलं आणि डॉक्टर हसतो तसं हसला.

"धा मिनिटाचं काम हाय, दादाभाऊ. ह्यो डायनामोचा बोल्ट दिसतोय ना? ह्यो ढिला करायचा, डायनामो आत ढकलायचा, नवा बेल्ट चढवायचा, परत आवळायचा. चहा येस्तोवर गाडी रोडला."

चहा आला. चहा पिऊन झाला. बोल्ट बारा नंबरचा होता आणि पप्पूचा बारा नंबरचा पाना दिवाळीपासून ओतूरला त्याच्या मेव्हण्याकडं होता.

"मग फोन लाव की त्याला," दादाभाऊ म्हणाला.

"बायकोच्या भावाला पाना परत माग म्हणता? रातच्याला मला जेवायला कोण वाढंल?"

"मग नवा आण. समोरच दुकान हाय."

"दुकानदार मेव्हण्याचा साडू हाय. मी नवा पाना घेतला की ओतूरला सांजच्या आत कळतंय. मग जुन्या पान्याचा राग धरला असा अर्थ निघतो, राव."

यात चूक काढायला जागा नव्हती. नातं टिकवायचं म्हणून पप्पूनं चौदाचा पाना घेतला, त्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी घालून तो बाराचा केला आणि जोर लावला. बोल्ट जागचा हलला नाही. हलले ते बोल्टाचे कोपरे. सहातले दोन गुळाच्या खड्यासारखे झिजले.

तेवढ्यात गेणभाऊ आला. गॅरेजचं पत्र्याचं शेड गेणभाऊच्या जागेत, शिवाय दोन वेळचा माजी सरपंच. आपल्याकडं चालू कामापाशी मोठा माणूस आला की हत्यार त्याच्या हातात द्यायची रीत आहे. विहिरीचा पहिला टिकाव त्याचा, नव्या मोटारीचं बटण त्याचं, मग बोल्टानंच काय घोडं मारलंय? पप्पूनं पाना पुसून पुढं केला. गेणभाऊनं नको नको म्हणत घेतला, बाह्या सारल्या आणि उजवीकडं पिळला.

आता उजवीकडं पिळलं की बोल्ट आवळतो, हे फाट्यावरच्या कुत्र्यालाही ठाऊक. पण माजी सरपंचाला तुम्ही उलटं पिळताय असं म्हणायची रीत नाही. सगळे माना हलवत उभे राहिले.

"कसा वाटतोय?" गेणभाऊनं दम घेत विचारलं.

"भाऊ, तुमचा हात लागल्यापासनं लई मजबूत वाटतोय," पप्पू म्हणाला.

"आप्पा," समृद्धी हळूच म्हणाली, "ते उलटं पिळत्यात."

"गप. मोठ्या माणसात बोलू न्हाई."

"एक वाजायला आला."

"वाजू दे. आपली गाडी हाय ना?"

समृद्धीनं गाडीकडं बघितलं, बापाकडं बघितलं, "बरं" म्हणाली आणि बुटांच्या नाड्या आवळायला लागली.

गेणभाऊचं झालं, तोवर माणसं गोळा झाली होती. त्यात सावळेराम होता. सावळेराम एका कार्यालयातून रिटायर झालेला. कुठल्या कार्यालयातून ते तो सांगत नसे, पण रुबाबावरून टेबल मोठं असावं. त्यानं चष्मा लावला, वाकून बोल्ट बघितला आणि सरळ उभा राहिला.

"सदर बोल्टास आजवर किती इसमांनी हात लावला?"

"दोघांनी," पप्पू म्हणाला.

"कोणाच्या परवानगीने?"

पप्पूनं हातातला पाना पाठीमागं नेला. जिथं परवानगी नाही तिथं गोंधळ होणारच, असं सावळेरामनं सगळ्यांना समजावलं आणि जागच्या जागी बोल्ट विमोचन समिती स्थापन झाली. अध्यक्ष गेणभाऊ, कारण बोल्टाचा सगळ्यात ताजा अनुभव त्यांचाच. सचिव सावळेराम. पप्पूला तांत्रिक निमंत्रित म्हणून घेतलं, म्हणजे त्यानं काम करायचं पण मत द्यायचं नाही. आणि दादाभाऊ गाडीचा मालक, म्हणजे त्याचा हितसंबंध गुंतलेला, म्हणून त्याला पत्र्याबाहेर स्टुलावर बसवलं.

"सावळेराम भाऊ, माझी पोरगी दोनच्या आत..."

"वैयक्तिक विषय नंतर घेऊ."

दादाभाऊला राग आला, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. महिन्याभरात गाडीपाशी एवढी माणसं पहिल्यांदा जमली होती.

पप्पूनं पहिली सूचना केली. "बोल्टाच्या गोल मुंडीवर एक मोठा नट वेल्ड करतो. त्या नटाला पाना लावला की सगळं एकदमच फिरतंय. पाच मिनिटं."

"वेल्डिंगने वस्तू जोडतात का सोडवतात?" सावळेरामनं विचारलं.

"जोडत्यात."

"आणि आपल्याला काय करायचंय?"

"सोडवायचंय."

"मग? तुझ्या बोलण्यातच विसंगती आहे."

सूचना फेटाळली. समितीचा पहिला ठराव असा झाला, की बोल्टावर रॉकेल सोडून त्याला अर्ध्या तासाची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत त्यानं स्वखुशीनं सुटावं. रॉकेल आता मिळतं कुठं, म्हणून डिझेल सोडलं. मुदतीत सगळ्यांनी वडापाव खाल्ला. बोल्टानं मुदत पाळली नाही.

दुसरा ठराव, एकट्यादुकट्याला संधी दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो, सबब उपस्थितांपैकी प्रत्येकाला एक पीळ. रांग लागली. नाशकाकडं निघालेले ट्रकवाले थांबले, कांद्याचे व्यापारी आले, समोरच्या हॉटेलातला आचारी हाताला पीठ तसंच ठेवून आला. प्रत्येकानं आपापल्या गावच्या पद्धतीनं पिळला. जो पिळून झाला तो बाजूला होऊन पुढच्याला चुका सांगायचा. बोल्टाचे उरलेले चार कोपरे गेले आणि त्याची मुंडी सुपारीसारखी गोल झाली.

गेणभाऊचा पुतण्या ऋतिक मोबाइल धरून हे सगळं जगाला दाखवत होता. जगानं सल्ले पाठवले. कुणी लिंबू पिळा म्हणालं. कुणी म्हणालं, दुबईत आमी असं करत न्हाई, पण कसं करतो ते नाही सांगितलं. एकीनं नुसती फुलं पाठवली. दादाभाऊ स्टुलावरनं मान लांब करून बघत होता. गाडीचा नंबर नीट दिसावा म्हणून त्यानं मधेच उठून फडक्यानं पाटीही पुसली.

शेवटी गेणभाऊनं हात वर केला.

"मी काय म्हंतो," गेणभाऊ म्हणाला, "ह्याच्या मुंडीवर एक मोठा नट वेल्ड केला तर?"

वा, वा झालं. याला म्हणतात अनुभव, असं सावळेराम म्हणाला आणि सूचना एकमतानं मंजूर झाली. पप्पूनं काचेचा मुखवटा तोंडावर घेतला, त्यामुळं त्याचं तोंड कसं झालं होतं ते कळलं नाही. ठिणग्या उडाल्या. नट चिकटला. एकोणीसचा पाना लावून पप्पूनं डावीकडं एक हिसका दिला आणि बोल्ट गपगुमान बाहेर आला.

टाळ्या वाजल्या. समोरच्या दुकानातनं शाल आली, कुठनं तरी नारळ आला. गेणभाऊचा सत्कार झाला. गेणभाऊनं दोन बोटात बोल्ट धरून फोटो काढला, मग बोल्ट सावळेरामकडं दिला, त्यानं काढला. पप्पू फोटोत अर्धा आला. बोल्ट अजून गरम होता, पण सत्काराच्या वेळी कुणी तसं बोलत नाही.

"बसव आता बेल्ट," दादाभाऊ म्हणाला.

पप्पूनं नवा बेल्ट उचलला. पटकन सापडावा म्हणून तो त्यानं सकाळीच डायनामोच्या वर टांगून ठेवला होता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याची जळकी कुरडई झाली होती.

दादाभाऊनं तोंड उघडलं, पण आधी पोरीला धीर द्यावा म्हणून गाडीचं मागचं दार उघडलं. आठवडाभर ठरवलं होतं तसं, अगदी अदबीनं. आत कुणी नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"आप्पा, मी हाय."

"कुठनं बोलतीस?"

"मंचरनं. निवड झाली माझी."

"अगं पण तू गेलीस कशी?"

"यष्टीनं. आता नीट ऐका. पालकाला समोर उभं करा म्हणत्यात. पाचच्या आत तुमी न्हाई आला तर माझ्या जागी दुसरीला घेणार. आणि आप्पा, गाडीची वाट बघू नका."

दादाभाऊनं घड्याळ बघितलं. मग मागं बघितलं. मागं जळालेल्या बेल्टाच्या चौकशीला उपसमिती बसत होती आणि अध्यक्षाला शाल आधीच घातलेली असल्यामुळं वेळ वाचला होता. दादाभाऊनं गाडीची चावी खिशात घातली, रस्ता ओलांडला आणि मंचरवरनं पुण्याकडं जाणारी पहिली यष्टी धरली. तो गेल्याचं एकालाही कळलं नाही. बऱ्याच वेळानं गेणभाऊनं विचारलं म्हणे, "ही गाडी हाय कुणाची?"

तुम्ही हसलात. हसा. पण पोरगी नेमकी कधी निघून गेली, ते तुम्ही तरी सांगा. समिती बसली तेव्हा, का डिझेल सोडलं तेव्हा, का आचारी आला तेव्हा? दोनला मंचर गाठायचंय, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. यष्टीचं तर तुम्हीच पहिल्यांदा काढलं होतं. मग रांगेत तुमचा नंबर कितवा होता, पाव्हणं?