रोहिणीबाईंचे यंत्र छत्राखाली गेले, ते दिवशीची हकिकत

श्री गजवदन प्रसन्न, वीजबाई जागती असो. ये गड्या, बस. त्या खुर्चीवर नको, ती डगमगते, इकडे बस. तुला एक हकिकत सांगतो, खोटी वाटली तर खुशाल उठून जा, पण मध्ये तोंड घालू नको. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ वद्य पंचमीचे दिवशी विद्येच्या एका राज्यात हे जाहले. राज्य थोर, आणि तेथे खोलीखोलीत संगणकयंत्रे, आणि एकेक यंत्र म्हणजे एकेक गढी, जो तो आपल्या गढीचा धनी, कोणी कोणास पुसेना. मग वरून हुकूम सुटला की आता छत्र एक, त्या छत्राचे नाव डोमेन, सर्व यंत्रांनी छत्राखाली यावे, आणि जे यंत्र आज दोन प्रहरापर्यंत येणार नाही त्याची नेटची वाट बंद. आता त्या राज्यात गवताच्या अभ्यासक रोहिणीबाई खोमणे म्हणून होत्या. त्यांनी सहा वर्षे माळ तुडवून गवतावर प्रबंध लिहिला, आणि तो त्याच दिवशी सूर्यास्ताचे आत नेटच्या वाटेने परीक्षेच्या दरबारी पोचविणे होते, मुदत मागून मागून संपलेली, न पोचला तर नाव पटावरून खारीज. आणि प्रबंध कोठे, तर त्या एकाच यंत्रात. पेनड्राइव्हच्या काडीवर एक प्रत होती, ती दिवाळीतली, अर्धीमुर्धी.

मग बाईंनी तांबोळींस बोलाविले. इरफान तांबोळी म्हणजे यंत्रे छत्राखाली घेण्याच्या मोहिमेवरचे सरदार, सकाळपासून मान वर करावयास सवड नाही. ते आले आणि बैसले आणि अर्ज गुदरला, तो छत्राच्या दरबारातून जबाब आला की तुझे घड्याळ आमचे घड्याळाशी जुळत नाही, चालता हो. पाहतात तो यंत्राचे आतला सेल मेलेला, यंत्र आपले कोण्या जुन्या सालात सुखाने नांदते आहे. मग घड्याळ नीट केले आणि पुन्हा अर्ज केला आणि दरबार प्रसन्न जाहला, आणि यंत्राने रिवाजाप्रमाणे एकदा प्राण सोडून पुन्हा धरिला, आणि बाईंनी दरबारने दिलेले नवे नाव व नवी परवल, म्हणजे पासवर्ड, घातली. पडदा उघडला तो निळा, मोकळा, झाडून काढिल्या अंगणासारखा. प्रबंध नाही, चित्रे नाहीत, काही नाही.

बाई पांढऱ्या पडल्या. "तांबोळी, माझं सगळं गेलं कुठं?"

"मॅडम, घाबरू नका, गेलं नाही. तुम्ही नव्या नावानं आत आलात, तर त्यानं तुम्हाला नवी खोली दिली. जुनं सामान जुन्या नावाच्या खोलीत आहे. जुनी परवल सांगा, लगेच उघडतो."

"जुनी परवल? अहो, हे बटण दाबलं की आपोआप उघडायचं. कधी विचारलंच नाही त्यानं!"

"आता विचारणार, छत्राखाली आलंय ना. यंत्र कोणाच्या नावावर होतं?"

बाईंनी खालमानेने नाव सांगितले. यंत्र होते नाईकनवरे सरांचे. ते बाईंचे पहिले गुरू, निवृत्त होऊन गावी गेले आणि जाताना यंत्र शिष्येच्या हाती देऊन गेले. त्यास दोन वर्षे जाहली, आणि दोन वर्षांत बाईंनी सरांस एक फोन केला नाही. कारण होते, ते पुढे येईल. थोरली किल्ली, जिने कोणतीही खोली उघडते, ती तांबोळींच्या वरच्या साहेबांकडे, आणि साहेब परगावी बैठकीत, फोन बंद. मग दोघांनी अंदाजे परवल घालून पाहिली, सरांचे नाव घातले, बाईंचे घातले, गावाचे घातले, गवताचे घातले, तो तांबोळींनी हात धरिला. "बास मॅडम. पाच चुका झाल्या की खोलीला टाळं, आज उघडायची नाही. चार झाल्या."

ऊन खिडकीच्या खाली उतरले होते. मग बाईंनी फोन लाविला, चेहरा दिसतो तसा. उचलला तो सरांच्या कुटुंबाने, सिंधूकाकूंनी. "अगोबाई, रोहिणी! अहो, ऐकलंत का, रोहिणी आहे!"

मागून सरांचा आवाज आला. "काम असेल. विचार तिला."

बाईंनी काम सांगितले. सर हसले, पण गोड नव्हे. "परवल मला कुठं आठवते? माझ्या बोटांना ठाऊक असेल, मला नाही."

हे ऐकताच काकू उठल्या आणि माळ्यावरून सरांचा मोडका कळफलक काढिला आणि पदराने पुसून त्यांचे पुढे ठेविला. सर टंकू लागले आणि अडले, पुन्हा लागले आणि पुन्हा अडले, प्रत्येक वेळी निराळेच.

"तुम्ही तिकडं बघताय म्हणून चुकताय," काकू बोलिल्या. "जेवताना घासाकडं बघता का? बोला तिच्याशी काहीतरी. बोटांकडं मी बघते."

सरांनी मान वर केली, बोटे कळांवर फिरू लागली आणि त्यांनी पुसिले, "माझ्या कुसळी गवताच्या शोधावरचं प्रकरण कितवं ठेवलंस?"

झाले. हीच ती गोष्ट, जिच्यापायी दोन वर्षे फोन नव्हता. आता खोटे बोलावे तर सरांची बोटे चालतील आणि प्रबंध पोचेल, आणि खरे बोलावे तर काय होईल ते श्रीस ठाऊक. बाईंनी तांबोळींकडे पाहिले, तांबोळींनी खिडकीकडे पाहिले.

"ठेवलं नाही, सर. काढलं."

काकू हळूच अक्षरे सांगत होत्या आणि तांबोळी कागदावर टिपत होते, ते अर्ध्यात थांबले. सरांची बोटे थांबली होती.

"कोणी काढायला लावलं?"

"कोणी नाही. मीच काढलं. माळावरची कुसळी आणि नदीकाठची कुसळी एकच, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या एक नाहीत, सर. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

काकूंनी कपाळास हात लाविला.

"एक नाहीत?" सर म्हणाले. "कशावरून?"

"कुसळ भिजवून पाहिलं. माळावरच्याचा पीळ सुटतो. नदीकाठच्याचा सुटत नाही."

"किती वेळ भिजवलंस?"

"रात्रभर."

"दव धरून की साधं पाणी?"

"दोन्ही करून पाहिलं."

"वाळवून परत?"

"परत पीळ पडतो, सर. माळावरच्यालाच."

आणि गड्या, म्हातारा पुढे सरकला आणि डोळे चकाकले आणि तो पुसत गेला आणि ती सांगत गेली, आणि खाली बोटे आपली आपण चालू लागली, पहिल्यापासून शेवटापर्यंत, न अडखळता. काकू एकेक अक्षर कुजबुजत होत्या. तांबोळींनी ते कागदावरून यंत्रात घातले, आणि शेवटची कळ दाबण्याआधी त्यांनी बिस्मिल्ला म्हटले आणि बाईंनी डोळे मिटले. खोली उघडली. प्रबंध होता तेथे होता. बाईंनी तो परीक्षेच्या दरबारी धाडिला, आणि पोचपावती आली तेव्हा खिडकीत तांबूस ऊन होते, सूर्य बुडायचा होता.

बाई रडू लागल्या. सर खेकसले, "रडतेस काय? आधी परवल बदल. आणि दोन्ही कुसळं घेऊन ये, चुकलो ते मला डोळ्यांनी बघू दे." काकू म्हणाल्या, "आणि जेवायलाच ये."

येणेप्रमाणे यंत्र छत्राखाली गेले, प्रबंध दरबारी रुजू जाहला, सरांचे एक प्रकरण पडले आणि सर त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले, ऐसे काकू सांगतात. हे इतकेच. आता चहा संपव आणि माझे एक काम कर. तुझे जे कोणी मास्तर असतील, त्यांचे जे चुकले आहे आणि तू पोटात ठेवून बसला आहेस, ते त्यांना फोन करून सांग. आत्ता लाव, माझ्यासमोर.