स्लॅबचं जेवण दोन वाजता

श्रियाच्या शिक्षणातून तात्या कर्णिकांना चार फायदे व्हायचे होते, आणि ते त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर पक्के मोजून ठेवले होते. करंगळी म्हणजे दहिवलीच्या घरावर वरचा मजला चढत होता, त्याला घरचीच इंजिनीअर. अनामिका म्हणजे पोरीची नोकरी. मधलं बोट म्हणजे मेहुणा जगदीश याचं तोंड कायमचं बंद. आणि तर्जनी म्हणजे स्लॅबच्या दिवशी कामगारांना घालायचं कोंबडीचं जेवण वाचवणं. अंगठा मोकळा ठेवला होता, वेळेवर आणखी काही सुचलं तर!

जगदीशचं तोंड गेली चार वर्षं उघडंच होतं. श्रियाने युनिव्हर्सिटीत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला नाव घातलं त्या दिवशीच तो म्हणाला होता, "भाऊजी, चार वर्षं फी भरून पोरगी बिगाऱ्यांवर ओरडायला शिकणार? आमची सुनंदाताई ते घरात फुकट शिकवते!"

तात्या गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी कॉलेजचं माहितीपत्रक पाढ्यासारखं पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवायला सुरुवात केली. "प्लॅनिंग इंजिनीअर होता येतं, एस्टिमेटर होता येतं, साइट मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर..." दूधवाल्याने तर दुधाची वेळ बदलून घेतली.

आता शेवटचं सेमिस्टर होतं. कुंभिवलीला एका कंपनीचं मोठं गोदाम उभं राहत होतं, आणि तिथे शिकाऊ प्लॅनिंग इंजिनीअरची एकच जागा होती. उमेदवार तीन. कंपनीच्या हर्षला मॅडम तिघांचंही काम प्रत्यक्ष बघणार होत्या. श्रियाने दाखवायचं होतं ते घरच्याच स्लॅबचं काम. शनिवारी सकाळी सातला सुरू, दुपारी दोनच्या आत खलास. तक्त्यात दिलेल्या वेळेत, मध्ये न थांबता.

तक्ता काय सुंदर होता! प्रत्येक कामाची रंगीत पट्टी. निळी खडी-रेतीची, हिरवी सळईची, आणि मधोमध लाल.

"ही लाल कशाची गं?" तात्यांनी विचारलं.

"क्रिटिकल पाथ, बाबा. यातलं एक काम लांबलं की सगळंच लांबतं."

"आणि जेवणाची पट्टी नाही ना यात?"

"नाही. का?"

तात्यांनी तर्जनी प्रेमाने कुरवाळली आणि मुकादमाला बोलावलं. जैतू मुकादम वरच्या वाडीतला. त्याची आणि त्याच्या बायकोची, चिंधीची, सव्वीस माणसांची टोळी. तालुक्यातले निम्मे स्लॅब त्यांच्या हातचे.

"हे बघ जैतू, काम आता कॉम्प्युटरने चालायचं. तक्त्यात जेवण नाही. तेव्हा वडापाव देऊ."

जैतूने तक्ता उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला. "ब्येस हाय, गुरुजी. पन जेवान नाय ना यात?"

"नाही."

"मंग आमी बी नाय."

चिंधी पदर खोचत म्हणाली, "स्लॅब घालायचा आन् पोटात वडापाव? मंग स्लॅब बी वडापावासारकाच व्हयाचा, गुरुजी! दाबला की बसनारा!"

श्रियाने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि खाली एक पट्टी वाढवली. 'जेवण, दुपारी २.' लाल रंगाची! तात्यांची तर्जनी गेली. पण उरलेली बोटं शाबूत होती, आणि मधल्या बोटाने उचल खाल्ली. हा तक्ता जगदीशला दिसलाच पाहिजे!

त्यांनी पेनड्राइव्ह खिशात घातला आणि भिसेगावात सुनीलच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

"सुनील, हा तक्ता दहा बाय आठ करून दे. एक गेटवर लाव मॅडमसाठी, आणि एक दहिवलीच्या नाक्यावर."

नाक्यावरून जगदीश रोज दोनदा जायचा.

सुनीलने तक्ता पाहिला. त्याच्या पंधरा वर्षांच्या धंद्यात माणसाचं तोंड नसलेला फ्लेक्स त्याने छापला नव्हता. देव नाही, फोटो नाही, स्वागत नाही, हे काय! तात्या गेल्यावर त्याने कॉम्प्युटर चाळून त्यांचा निवृत्ती समारंभातला फोटो काढला. हात जोडलेले, गळ्यात हार. वर गणपती. खाली 'सर्वांचे हार्दिक स्वागत'. आणि तक्त्यातली बारीक अक्षरं कोण वाचणार, म्हणून त्यातली एकच ओळ उचलून वीतभर मोठी केली: 'जेवण, दुपारी २.'

शुक्रवारी संध्याकाळी नाक्यावर तात्यांनी स्वतःला दहा फुटी पाहिलं. बाकी काही त्यांना दिसलंच नाही. सुनंदाकाकू मात्र गेटवरचा फ्लेक्स बघून किंचाळल्या, "अहो, आधी तो हार काढायला लावा! लोक सांत्वनाला दारात येतील!"

"काही येत नाहीत," तात्या म्हणाले.

आले!

पण ते नंतर. शनिवारी सकाळी सातला नारळ फुटला, मिक्सर घरघरला, आणि लिफ्टने पहिला माल वर नेला. दहाला हर्षला मॅडम आल्या. साधा सलवार-कुर्ता, डोक्याला हेल्मेट, हातात टॅब. कोपऱ्यात उभ्या राहून त्या काहीबाही टिपत होत्या. बारापर्यंत सगळं काटेकोर. तात्या अनामिका आणि करंगळी एकमेकींवर घासत होते.

सव्वाबाराला लिफ्टची वायर तुटली! माल भरायला लिफ्ट खालीच उभी होती म्हणून बरं, कुणाला काही झालं नाही. पण अर्धा स्लॅब ओला, अर्धा उघडा. दुसरी लिफ्ट खोपोलीहून यायला तीन तास.

"तीन तास थांबू की," तात्या म्हणाले.

"बाबा, थांबलो तर ओल्या-सुक्यामध्ये सांधा पडतो. जन्मभर गळेल!" श्रियाचा चेहरा सिमेंटपेक्षा राखाडी झाला होता. "हातानेच चढवायला हवं. जैतूमामा, किती माणसं लागतील?"

"वरच्या कामाला आमी पुरं हाय. पन खालून वर द्यायला शंभर तरी पायजेल. आता कुटून आननार?"

श्रियाने वहीत हिशेब करून पाहिला. शंभरच. ती मिक्सरच्या कडेला खाली बसली. मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहिलं. बहुतेक दुसऱ्या उमेदवाराचं नाव.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंची हाक आली. "अहोऽऽ! हे कोण येतंय?"

गेटातून जगदीश आत येत होता. कडक इस्त्रीचा सफारी, मागे बायको, हातात आहेराचं पाकीट. त्याच्या मागे अख्खं भजनी मंडळ. मागे क्रिकेटची टीम. त्यांच्या मागे दूधवाला! जेवण दोनला, म्हणून पहिली पंगत चुकू नये एवढ्यासाठी सगळे साडेबाराला हजर!

"भाऊजी, फोन तरी करायचा!" जगदीश म्हणाला. "बहिणीच्या घरचं आमंत्रण नाक्यावर वाचायचं?"

"आमंत्रण?" तात्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. आत सव्वीस माणसांची कोंबडी शिजत होती. गेटात अजून दुचाक्या लागत होत्या. तात्यांनी शाळेच्या सवयीने डोकी मोजली. ऐंशी... शंभर... एकशे सदतीस! ते हळूच मागच्या दाराकडे सरकू लागले.

श्रिया मात्र उभी राहिली. तिनेही डोकी मोजली होती, पण तिच्या मोजण्यात घाबरणं नव्हतं.

ती खडीच्या ढिगावर चढली. "काका, काकू, मामा! तुम्ही सगळे आलात, फार बरं झालं! जेवण सगळ्यांना आहे! पण पंगत स्लॅब पुरा झाल्यावर! एक रांग फळीवरून वर, भरली घमेली त्या रांगेत! दुसरी जिन्याने खाली, रिकामी घमेली! साठीच्या पुढचे सगळे जमिनीवर, सावलीत!"

मग भजनी मंडळाच्या बुवांनी टाळ खिशात घातले. "पोरीचं काम आहे. चला!"

चिंधीने फळीच्या तोंडाशी ठाण मांडलं. "ए शेट, पोटाला टेकवू नको, म्होरं दे! ए पोरा, ह्ये घमेलं हाय, बॉल न्हवं, झेलू नको! हातात दे!" जगदीशचा सफारी पाच मिनिटांत राखी झाला.

"मामा, घमेलं सरळ धरा! आहेर देत नाही आहात!" वरून श्रिया ओरडली.

"हे शिकायला चार वर्षं?" जगदीशने धापा टाकत विचारलं.

"ओरडायला नाही, मामा! कुणाला कुठे उभं करायचं ते शिकायला!"

मध्येच रांगेत एक जागा रिकामी पडली. चिंधीने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बाईचा टॅब काढून खडीवर ठेवला आणि भरलं घमेलं तिच्या हातात दिलं. "ए बाय, कवापासनं नुसती बगतीस! धर!"

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हर्षला मॅडमनी एकदा चिंधीकडे पाहिलं, एकदा घमेल्याकडे, आणि ते पुढे दिलं. मग दुसरं. मग तासभर देतच राहिल्या.

पुढच्या तासाभरात दहिवलीत जे झालं ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही! बुवांनी ताल धरला आणि घमेली तालावर चालू लागली. क्रिकेटवाल्यांनी भजनी मंडळाशी पैज लावली. एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी जैतूने शेवटचं घमेलं ओतलं, सपाटीची फळी फिरवली आणि वरून शिट्टी मारली. बारा मिनिटं आधी! सांधा नाही, खंड नाही! खाली असा जल्लोष झाला, की मिक्सर पुन्हा सुरू झाला असं तात्यांना वाटलं.

मॅडम हात धूत म्हणाल्या, "श्रिया, ही माणसं तुझ्या प्लॅनमध्ये होती?"

तात्या मागून जोरजोरात मान हलवत होते. होती म्हण! होती म्हण!

"नाही, मॅडम. प्लॅनमध्ये सव्वीसच होती. बाकीची बाबांच्या फ्लेक्सने आणली."

मॅडम खो खो हसल्या. "तक्ते तिघांचेही छान होते. तक्ता फाटल्यावर पंगतीला आलेल्या माणसांना कामाला लावणारी एकच निघाली. एक तारखेला कुंभिवलीला ये." मग त्या चिंधीकडे वळल्या. "आणि तुम्ही? गोदामाच्या साइटवर मला असंच माणूस हवंय. टोळीसकट."

चिंधीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "येऊ. पन स्लॅबच्या दिशी जेवान लागंल. लाल रंगात लिवून."

"लाल रंगात," मॅडम म्हणाल्या.

आता जेवण! पण काकूंनी साडेबारालाच खिडकीतून डोकी मोजली होती. मास्तरांच्या घरात राहून तेवढं त्याही शिकल्या होत्या. त्यांनी कर्जतच्या तीन खानावळींना फोन करून होता-नव्हता तेवढा रस्सा मागवला होता, आणि तिन्ही ठिकाणी एकच वाक्य सांगितलं होतं: "पैसे मास्तर देतील." दोनच्या ठोक्याला पहिली पंगत बसली. पहिल्या पानावर जैतू, दुसऱ्यावर चिंधी, त्यांच्या शेजारी त्यांची टोळी. मग पाहुणे. तक्त्यातली शेवटची लाल पट्टीसुद्धा वेळेवर!

संध्याकाळी हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांचं भलंच झालेलं होतं. श्रियाला नोकरी मिळाली. जैतू-चिंधीला वर्षभराचं काम मिळालं. सुनीलला त्याच दिवशी चार फ्लेक्सच्या ऑर्डरी आल्या. जगदीशचं तोंडही बंद होण्याऐवजी दुप्पट उघडलं, पण आता तो नाक्यावर सांगत होता, "आम्ही स्लॅब घातला! आमची भाची कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटवाली आहे! साइट मॅनेजर होता येतं, एस्टिमेटर होता येतं..." आहेराचं पाकीट मात्र मजुरीपोटी म्हणून त्याने परत नेलं होतं.

तात्या शेवटच्या पंगतीला बसले, एकटेच. रस्सा संपला होता. काकूंनी ताक-भात वाढला. गेटवर हार घातलेले दहा फुटी तात्या हात जोडून सर्वांचे हार्दिक स्वागत करत होते, आणि खालचे तात्या तीन खानावळींच्या बिलांच्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून ताटाखाली दाबत होते.

एकशे त्रेसष्ट पानं. वाढणारे पुष्कळ, जेवणारे पुष्कळ. भरणारा एक. आणि अंगठा अजून मोकळाच होता, तेवढा चिठ्ठ्यांचे पैसे मोजायला उपयोगी पडला.